सिनेमातला कॅप्टन आणि त्याच्या शेजारची सीट

निपाणीच्या एका काकूंचा प्रश्न आहे. त्यांचा मुलगा बारावी सायन्सला आहे आणि पुढं पायलट व्हायचं म्हणतोय. सुट्टीत घरच्यांनी मिळून विमानांच्या संकटांवरचे दोन-तीन सिनेमे बघितले आणि तेव्हापासून काकूंच्या मनात धास्ती बसली आहे. हे खरंच असं असतं का, असं त्या विचारतात. कॅप्टन एकटा सगळं तारून नेतो का, विमान उलटं करून वाचवता येतं का, आणि पायलट इतके बेदरकार असतात का?

काकू, सिनेमावाले आता विमान बऱ्यापैकी बरोबर दाखवतात. कॉकपिटमधली बटणं, स्क्रीन, काचेवरचा पाऊस यांत फारशी खोट काढता येत नाही. विमान चालवणारी माणसं मात्र ते चुकीची दाखवतात, आणि तुमचा मुलगा ज्या कामात शिरायचं म्हणतोय ते काम शेवटी माणसांचंच आहे. मी मूळचा बेळगावच्या वडगावातला. आधी एटीआर, मग एअरबस ए-३२० उडवत आलो आणि गेली काही वर्षं सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, नव्या मुलामुलींना शिकवतो. उत्तर लांबेल, पण सविस्तरच देतो.

आवाजापासून सुरुवात करू. सिनेमात संकट आलं की कॉकपिटमध्ये भोंगे सुरू होतात आणि विमान जमिनीला टेकेपर्यंत वाजत राहतात. त्या गोंगाटावर आवाज चढवून दोघं पायलट एकमेकांवर ओरडत असतात. एअरबसमध्ये गंभीर बिघाड झाला की टिंग टिंग टिंग असा सलग आवाज येतो आणि समोर लाल दिवा उघडझाप करतो. आम्ही सगळ्यात आधी तो दिवा दाबून आवाज बंद करतो आणि काय बिघडलंय ते मोठ्यानं वाचतो. शेजारच्याचं बोलणं नीट ऐकू आलं पाहिजे, एवढंच त्यामागचं कारण. जमीन जवळ येतेय असा इशारा असेल तर गोष्ट वेगळी. तो ऐकला की दुसरा विचार न करता वर जायचं. बाकी वेळी संकटातलं कॉकपिट हे एरवीपेक्षा जास्त शांत असतं. बोलणं कमी होतं, शब्द ठरलेले असतात आणि प्रत्येक वाक्याला उत्तर मिळतं.

दुसरी गोष्ट घाईची. टेक-ऑफ घेताना एक इंजिन बंद पडणं, हा प्रसंग आमच्याकडून सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा करून घेतात. दर सहा महिन्यांनी परीक्षाच असते. तो जवळून कसा दिसतो ते सांगतो. विमान धावपट्टीवर वेग घेत असतं तेव्हा कॅप्टनचा हात थ्रस्ट लिव्हरवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्यावर असतो, कारण थांबायचं झालं तर लिव्हर मागं ओढायचं काम त्याचं. मग 'व्ही वन' अशी हाक येते आणि कॅप्टन हात तिथून काढून घेतो. मुद्दाम काढून घेतो. या वेगानंतर थांबायला धावपट्टी पुरणार नाही, आता काही झालं तरी उडायचंच, हे ठरलेलं असतं आणि भीतीपोटी हातानं ते मोडू नये म्हणून हातच तिथं ठेवायचा नाही.

त्याच क्षणी मागच्या सीटवरून मी एक इंजिन बंद करतो. विमानाचं नाक बंद इंजिनाच्या बाजूला वळायला लागतं. उडवणारा विरुद्ध बाजूच्या रडरवर (शेपटीचं सुकाणू वळवणाऱ्या पायडलवर) पाय दाबून ते सरळ करतो आणि वेग झाला की विमान हळूच वर उचलतो. चाकं आत जातात. त्यानंतर चारशे फूट उंची येईपर्यंत बिघडलेल्या इंजिनाला कुणी हात लावत नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल, हे दोघं काहीच कसं करत नाहीत? ते विमान उडवत असतात. त्या वेळी तेवढं एकच काम असतं. उंची झाल्यावर शेजारचा पायलट स्क्रीन वाचतो, बंद पडलेल्या इंजिनाच्या स्विचवर बोटं ठेवतो आणि विचारतो, 'इंजिन मास्टर वन, कन्फर्म?' उडवणारा मान वळवून त्या बोटांकडं बघतो आणि मग म्हणतो, 'कन्फर्म.' तेव्हा कुठं तो स्विच खाली येतो.

सिनेमात हे कधीच दिसत नाही, कारण पडद्यावर ते कंटाळवाणं वाटेल. पण या एका प्रश्नाची किंमत फार मोठी आहे. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईहून निघालेल्या एटीआर-७२ विमानाचं एक इंजिन उड्डाणानंतर लगेच गेलं. एका इंजिनावर ते विमान उडू शकलं असतं. कॅप्टननं घाईत चांगल्या इंजिनाचं लिव्हर मागं घेतलं आणि ते इंजिनही बंद झालं. विमान पुलाला घासून नदीत पडलं, ५८ पैकी ४३ जण गेले. १९८९ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ बोइंग ७३७ पडलं, त्यातही चालू असलेलं इंजिनच बंद केलं गेलं होतं. तिथं ४७ माणसं गेली. मी एटीआर उडवलेला माणूस आहे. तैपेईचा अहवाल वाचताना ते लिव्हर मला हाताखाली जाणवत होतं. म्हणून आमच्या मुलांना आम्ही चपळाई शिकवत नाही, थांबायला शिकवतो.

वेळ हाताशी असेल तर चांगला क्रू तो वापरतो. ४ नोव्हेंबर २०१० ला सिंगापूरहून सुटलेल्या ए-३८० चं एक इंजिन फुटलं, तुकडे पंखातून आरपार गेले, विमानात ४६९ माणसं होती. क्रूनं विमान उडतंय याची खात्री करून घेतली आणि स्क्रीनवर एकामागून एक येणारे बिघाड वाचत, तपासत, चर्चा करत जवळजवळ दोन तास काढले. मगच उतरले, आणि सगळे सुखरूप. या दोन तासांचा सिनेमा काढला तर निम्मा वेळ पाच माणसं वाचताना दिसतील.

सगळ्यात धोकादायक संकटं तर अंगाला जाणवतही नाहीत. ऑगस्ट २००५ मध्ये सायप्रसहून निघालेल्या बोइंग ७३७ मध्ये केबिनमधला हवेचा दाब सांभाळणारी यंत्रणा दुरुस्तीनंतर मॅन्युअलवर राहून गेली होती. वर जाताना इशारा वाजला, पण त्याचा आवाज टेक-ऑफच्या एका इशाऱ्यासारखाच होता, त्यामुळं क्रू चुकीच्या दिशेनं शोधत बसला. ऑक्सिजन कमी पडला की माणूस गुदमरत नाही, उलट त्याला छान, हलकं वाटतं आणि त्याच अवस्थेत त्याची शुद्ध जाते. पस्तीस हजार फुटांवर शहाणपणानं काही करायला अर्धा ते एक मिनिट मिळतो. त्या विमानातले १२१ जण गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात दाबाशी संबंधित स्विच लावायचा राहिला, काही प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आलं आणि विमान मुंबईला परत आणावं लागलं. म्हणून केबिनच्या दाबाचा संशय आला तरी आधी स्वतःचा मास्क लावायचा आणि मग विचार करायचा, ही आमची सवय असते. पडद्यावर मात्र दाब गेला म्हणजे माणसं खिडकीतून बाहेर खेचली जाताना दाखवतात.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. काकूंच्या मुलानं पायलट व्हायचं ठरवलंच तर पहिली काही वर्षं तो उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर बसेल. सिनेमात उजव्या सीटवरचा माणूस घाबरण्यासाठी असतो. तो 'आता काय करायचं सर?' असं विचारतो आणि कॅप्टन करारी चेहऱ्यानं उत्तर देतो. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

आपल्याच कर्नाटकातलं उदाहरण घ्या. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं बोइंग ७३७ मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीच्या पुढं जाऊन दरीत कोसळलं. १५८ जण गेले, आठ वाचले. चौकशीत निघालं की प्रवासात बराच वेळ कॅप्टन झोपले होते, कॉकपिटच्या रेकॉर्डरवर घोरण्याचा आवाज आहे. उठल्यावर विमान फार उंचावरून आणि वेगात खाली येत होतं. शेजारच्या फर्स्ट ऑफिसरनं, म्हणजे को-पायलटनं, तीन वेळा 'गो-अराउंड' म्हटलं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाऊया. कॅप्टननं उतरायचा हट्ट सोडला नाही. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोळीकोडला भर पावसात पाठीवर वारा घेऊन उतरलेलं विमान धावपट्टीच्या निम्म्यावर जाऊन टेकलं आणि पलीकडं कोसळलं. तिथंही शेजारून 'गो-अराउंड' आलं होतं. दोन्ही पायलट धरून २१ जण गेले. दोन्ही ठिकाणी योग्य शब्द वेळेवर बोलला गेला होता. तो ऐकला गेला नाही, आणि बोलणाऱ्यानं पुढं होऊन कंट्रोल हातात घेतला नाही. चौकशी अहवालात हे छापलेलं आहे.

आपल्या भागातली मुलं सिम्युलेटरवर येतात तेव्हा मला हे फार जाणवतं. खानापूर, चिक्कोडी, अथणी, कुठलीही असोत, घरात मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. ते वाईट नाही, पण विमानात ते जीव घेऊ शकतं. मागं खानापूरकडची एक मुलगी ट्रेनिंगला होती. अभ्यासात एकदम पक्की. कॅप्टनच्या सीटवर मी बसलो आणि मुद्दाम विमान उंच आणि वेगात ठेवलं. आमचा नियम असा की धावपट्टीपासून हजार फूट उंचीवर वेग, उतरण्याचा दर, चाकं, फ्लॅप सगळं जागच्या जागी पाहिजे, नाहीतर उतरायचं नाही. हजार फुटांवर ती म्हणाली, 'सर, जरा स्पीड...' आणि थांबली. मी काहीच बोललो नाही. आठशे फुटांवर पुन्हा, 'सर, थोडं फास्ट वाटतंय.' मी गप्पच. विमान धावपट्टीच्या अर्ध्यात टेकलं आणि मी सिम्युलेटर थांबवला.

मग आम्ही दोघांनी बसून तिची वाक्यं कागदावर लिहिली. 'जरा', 'थोडं', 'वाटतंय'. आकडा कुठंच नव्हता, आणि काय करायचं तेही नव्हतं. दुसऱ्या फेरीत तिनं हजार फुटांवर म्हटलं, 'स्पीड प्लस ट्वेंटी. अनस्टेबल. गो-अराउंड.' म्हणजे वेग वीसनं जास्त, विमान नीट बसलेलं नाही, वर चला. मी पुन्हा गप्प. तिनं तेच परत म्हटलं, आणि तरी उत्तर आलं नाही तेव्हा 'आय हॅव कंट्रोल' म्हणून विमान हातात घेतलं आणि वर नेलं. दोन हाकांना उत्तर नाही म्हणजे शेजारचा माणूस भानावर नाही असं समजायचं, हा नियमच आहे. तिचा हात थरथरत होता, पण विमान सरळ वर गेलं. असा प्रसंग कुणी सिनेमात दाखवला तर मी पहिल्या दिवशी पहिला शो बघेन.

हे फक्त को-पायलटनं शिकायचं नाही. डाव्या सीटवर बसणाऱ्या कॅप्टनलाही ऐकायला शिकवावं लागतं. १९७७ मध्ये तेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली, तेव्हापासून जगभर या गोष्टीचा अभ्यास सुरू झाला आणि कॉकपिटमधलं वागणं हा परीक्षेचा विषय झाला. १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला एका डीसी-१० चं सगळं हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबानं कंट्रोल हलवणारी यंत्रणा, गेलं, कंट्रोल हलेनात. प्रवासी म्हणून बसलेला दुसरा एक पायलट कॉकपिटमध्ये आला आणि चौघांनी मिळून फक्त दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान धावपट्टीपर्यंत आणलं. ते तुटलं, पण २९६ पैकी १८४ जण वाचले. कॅप्टन अल हेन्स पुढं आयुष्यभर सांगत राहिले की एकट्यानं हे झालं नसतं.

म्हणून 'सली' हा सिनेमा मला आवडतो. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये पक्षी घुसून ए-३२० ची दोन्ही इंजिनं गेली आणि कॅप्टन सलनबर्गर यांनी विमान हडसन नदीवर उतरवलं, १५५ जण वाचले. पक्षी धडकल्यापासून पाण्याला टेकेपर्यंत २०८ सेकंद. सिनेमातली ती सेकंदं मी पुन्हा पुन्हा बघितलीत, दोघांची कामाची वाटणी त्यात अगदी स्पष्ट दिसते. टेक-ऑफ को-पायलट स्काइल्स यांनी केला होता; कॅप्टननं विमान हातात घेतलं आणि स्काइल्स लगेच चेकलिस्टला लागले. मूळ उड्डाणाच्या रेकॉर्डरवर, पाणी अगदी जवळ आलेलं असताना, कॅप्टन शेजारच्याला विचारतात की तुला काही सुचतंय का? इतका अनुभवी माणूस त्या क्षणीही शेजारच्याला विचारतो. माझ्या प्रत्येक वर्गात मी हे सांगतो.

त्याच सिनेमानं चौकशी करणाऱ्यांवर मात्र अन्याय केलाय. तिथं चौकशी मंडळ कॅप्टनला अडकवायला टपलेलं दाखवलंय. खरं मंडळ सिम्युलेटरवर प्रयोग करून बघत होतं, आणि पायलटला परिस्थिती कळायला लागणारी ३५ सेकंदं धरली तर विमान परत विमानतळावर पोचत नाही, हे त्यांच्याच अहवालात आहे. अपघाताचा तपास पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो, शिक्षा ठरवण्यासाठी नसतो. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि आपल्या देशातलं तपास मंडळही त्यावरच चालतं. आपल्याकडं सिनेमे बघून लोकांना वाटतं की कोर्टासारखी उलटतपासणी होते. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडलं, त्याच आठवड्यात टीव्हीवर ॲनिमेशन करून पायलटचा निकाल लावून मोकळे झाले. गेलेल्या माणसांच्या घरच्यांनी ते बघितलं असेल, याचं मला आजही वाईट वाटतं.

'फ्लाइट' या सिनेमातलं उलटं विमान काकूंनी विचारलंय. त्या प्रसंगाचं मूळ ३१ जानेवारी २००० च्या अपघातात आहे. अमेरिकेत एका एमडी-८३ च्या शेपटीतला मोठा स्क्रू ग्रीस नीट न लागल्यानं झिजला आणि शेपटीचा कंट्रोल गेला. पायलटांनी विमान उलट्या अवस्थेतसुद्धा सावरायचा प्रयत्न केला, पण ते समुद्रात पडलं आणि ८८ जण गेले. सिनेमानं त्यातून वाचवणारा हिरो काढला. त्या अपघाताचा धडा ग्रीसच्या वेळापत्रकात होता, हँगरमधल्या मेकॅनिकच्या कामात होता. हिरोला दारू पिऊन उडताना दाखवलंय, त्याबद्दल एवढंच सांगतो की आपल्याकडं उड्डाणाच्या बारा तास आधीपासून दारू चालत नाही, श्वासाची तपासणी होते आणि पहिल्यांदा सापडला तरी लायसन्स तीन महिने बंद.

'रनवे ३४' या सिनेमाला आधार आहे तो ऑगस्ट २०१५ मधल्या दोहा-कोची विमानाचा. कोचीला दिसत नव्हतं म्हणून उतरायचे प्रयत्न फसले, विमान तिरुवनंतपुरमला नेलं आणि तिथंही नीट दिसत नसताना जेमतेम इंधनावर उतरवलं. सिनेमा म्हणून ते रंगतं. पण आमच्या डोळ्यांनी बघितलं तर गोष्ट शेवटच्या धाडसी लँडिंगची नाही, इंधन भरपूर असताना घ्यायच्या निर्णयाची आहे. पर्यायी विमानतळापर्यंत जाऊन वर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं इंधन आम्ही घेऊन निघतो. तो शेवटचा अर्धा तास हातचा राखायचा असतो. उतरताना त्याला हात लागणार असं दिसलं तर 'मेडे फ्युएल' म्हणून जाहीर करावं लागतं. निर्णय वेळेवर घेतला तर हिरो व्हायची वेळ येत नाही. (नावातला ३४ हा आकडा होकायंत्रावरच्या ३४० अंशांचा. आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळाची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे म्हणून एका टोकाला ०८ आणि दुसऱ्या टोकाला २६.)

याचा संबंध आपल्या बेळगावशीही आहे. पावसाळ्यात ढग सांबऱ्यावर खाली येऊन बसतात. विमान एकदा खाली येतं, धावपट्टी दिसत नाही, पुन्हा वर जातं आणि कधी हुबळीला, कधी गोव्याला वळतं. मग लोक चिडतात. 'एवढं जवळ येऊन उतरवता आलं नाही होय?' असं मला लग्नकार्यात तोंडावर विचारलेलं आहे. त्या पायलटनं त्या दिवशी आपलं काम चोख केलेलं असतं, एवढं कृपा करून लक्षात घ्या. गो-अराउंड ही नेहमीची हालचाल आहे, इंजिनं जोरात लागतात आणि विमान वर जातं, बस.

'नीरजा' बघताना थिएटरात माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, 'पायलट पळाले बघ.' ५ सप्टेंबर १९८६ ला कराचीला अतिरेकी विमानात घुसले तेव्हा विमानातल्या हवाई सुंदरी नीरजा भनोत यांनी कॉकपिटला खबर दिली आणि कॉकपिटमधले तिघं जण छतातल्या हॅचमधून (छोट्या दारातून) उतरून गेले. विमान जमिनीवर अडकून राहावं, ते कुठं उडवून नेता येऊ नये, म्हणूनच ते केलेलं होतं. नीरजांनी दिलेल्या खबरेचा सगळ्यात मोठा उपयोग तोच झाला. त्या वीरांगनेला मरणोत्तर अशोक चक्र मिळालं आणि ते सर्वार्थानं योग्य आहे. पण त्या पायलटांना भित्रं म्हणू नका.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. विमान उंचावर असताना दार उघडता येत नाही, आतल्या दाबानं ते चौकटीत घट्ट बसलेलं असतं. ऑटोपायलट बंद केला म्हणून विमान कोसळत नाही. ए-३२० आणि ७३७ मधून हवेत इंधन सोडून देण्याची सोयच नाही. जड विमान उतरवता येतं, नंतर तपासणी करावी लागते. घाटावरच्या पावसाळी ढगातून येताना विमान हलतं ते खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटी हलते तसं. पंख तुटत नाही, पण पट्टा न लावलेला माणूस छताला आपटतो. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानात म्यानमारवर असाच झटका बसला, एका प्रवाशाचा जीव गेला आणि कितीतरी जण जखमी झाले. त्यामुळं पट्टा सीटवर असेपर्यंत लावून ठेवा. आणि संकटात पायलट लगेच काही सांगत नाही म्हणून तो लपवतोय असं समजू नका. आधी विमान उडवायचं, मग कुठं जायचं ते ठरवायचं, मग बोलायचं, हा क्रम आहे.

आता मुलाबद्दल. काकू, मे २०२३ मध्ये सांबऱ्याहून उडालेलं शिकाऊ विमान बिघाडामुळं होन्निहाळजवळच्या शेतात उतरवावं लागलं होतं, ते तुमच्याही कानावर आलं असेल. दोघंही वाचले. इंजिन गेलं तर शेत निवडायचं आणि विमान थांबेपर्यंत ते उडवत राहायचं, हे शिक्षणाच्या सुरुवातीलाच घोटून घेतात. भीती वाटणं साहजिक आहे, पण भीती वाटते म्हणून त्याला अडवू नका. त्याला एवढंच विचारा की चुकतंय असं दिसलं तर तो तुम्हाला किंवा त्याच्या बाबांना तोंडावर सांगू शकतो का. आणि त्यानं सांगितलं तर घरात त्याचं ऐकून घ्या.

पैसे भरायच्या आधी डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, डॉक्टरांकडून मेडिकल करून घ्या. आधी क्लास टू, मग क्लास वन. चष्मा असला तरी बहुतेक वेळा चालतं, रंग ओळखण्यात दोष असेल तर अडचण येते, म्हणून ते सगळ्यात आधी तपासा. इंग्रजीची फार धास्ती घेऊ नका. आपल्याकडं मराठी आणि कन्नडनंतर इंग्रजी तिसरी येते, पण रेडिओवरची वाक्यं ठरलेली असतात आणि सरावानं बसतात. कमर्शिअल लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं. कुठल्याही संस्थेत गेलात तर त्यांच्याकडची किती विमानं आज उडण्याच्या स्थितीत आहेत आणि गेल्या बॅचच्या मुलांना २०० तास व्हायला किती महिने लागले, हे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्याचं उत्तर ऑफिसमध्ये घेऊ नका, तिथं शिकणाऱ्या मुलांना बाहेर गाठून विचारा.